१० हजार फॉलोअर्स विकत घेऊ का?

पत्र असं आहे:

"मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते आणि घरूनच शिवलेल्या नऊवाऱ्या करते. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, सगळ्या. मदतीला एक मुलगी येते, दोघी मिळून आठवड्याला दहाएक होतात. आतापर्यंत ओळखीतूनच कामं यायची. लेकीने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलंय, ६४० फॉलोअर्स झाले आणि गाडी तिथेच अडकली. एक रील ८० हजार वेळा बघितलं गेलं पण ऑर्डर एकही आली नाही. एक डिजिटल मार्केटिंगवाला ४ हजारात १० हजार फॉलोअर्स देतो म्हणतो, त्याला पासवर्ड हवाय. एक इन्फ्लुएन्सर मुलगी फुकट नऊवारी मागतेय. पुतण्या म्हणतो काकू हिंदीत बोल आणि ट्रेंडिंग गाण्यांवर रील कर, मराठीत रीच मिळत नाही. मला तर कॅमेऱ्यासमोर उभंच राहवत नाही. काय करू?"

ताई, आधी त्या ४ हजारवाल्याचं बोलते कारण तिथे घाई आहे. पासवर्ड देऊ नका. पत्र टाकल्यानंतर दिला असलात तर हे वाचायचं थांबवून आधी तो बदला आणि सेटिंगमध्ये जाऊन टू-फॅक्टर चालू करा, म्हणजे दुसऱ्या फोनवरून कोणी लॉगिन करायला गेलं की तुमच्याकडे येणारा कोड लागतो आणि तो कोड कोणालाही सांगायचा नाही, अगदी इन्स्टाग्रामच्या ऑफिसातून बोलतोय म्हणाला तरी नाही. पासवर्ड मागणारे लोक बरेचदा तुमचंच अकाउंट वापरून त्यांच्या इतर गिऱ्हाइकांना फॉलो करतात, म्हणजे तुमच्या नावाने कुठल्या कुठल्या पेजेसना फॉलो आणि लाइक जातात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. पैसे गेले किंवा अकाउंट हातातून गेलं तर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर आहे, लगेच फोन करायचा, दोन दिवस विचार करत बसायचं नाही.

आणि समजा तो माणूस प्रामाणिक निघाला, १० हजार आकडा दाखवलाच, तरी ते तुमच्या काय कामाचे? दुकानात पुतळे उभे करून गर्दी दाखवण्यासारखं आहे ते, लांबून भरलेलं दिसतं पण एकही पुतळा माप द्यायला पुढे येत नाही. उलट नुकसान होतं. अ‍ॅडम मोसेरी म्हणून इन्स्टाग्रामचे प्रमुख आहेत, त्यांनी २०२५ च्या सुरुवातीला स्वतः सांगितलंय की पोस्ट कोणाला किती दाखवायची हे ठरवताना तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असतं: लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. आता तुमच्या यादीत १० हजार मेलेली अकाउंट्स असतील तर ती ना बघणार ना लाइक करणार ना पाठवणार, म्हणजे तुमची नवी पोस्ट त्यांच्यासमोर जाऊन पडली की तिथेच विझणार आणि ज्या खऱ्या ६४० बायका आहेत त्यांच्यापर्यंत पोचायलाही मारामार होणार. शिवाय इन्स्टाग्राम अशी खोटी अकाउंट्स अधूनमधून साफ करतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा मोठी सफाई केली तेव्हा मोठमोठ्या सेलिब्रिटींचे आकडे एका रात्रीत धाडकन खाली आले होते, तुमचे ४ हजार तर सहज वाहून जातील.

आता मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं वाटलं सांगू? आठवड्याला दहाएक होतात हे. म्हणजे महिन्याला ४० नऊवाऱ्या, सीझनला जागरण करून ५० धरा. त्याच्यावर तुम्ही घेऊच शकत नाही, घेतल्या तर फिनिशिंग बिघडेल आणि तुमचं नाव फिनिशिंगवरच आहे. मग तुम्हाला १० हजार लोक कशाला हवेत? तुम्हाला हव्यात ठाणे, कळवा, मुलुंड, फार तर डोंबिवली ऐरोलीपर्यंतच्या अशा तीनचारशे बायका ज्यांना वर्षातून एकदा तरी नऊवारी लागते, ज्या ट्रायलला रिक्षाने किंवा लोकलने येऊ शकतात आणि ज्या आपल्या जावेला, नणंदेला, सोसायटीतल्या मैत्रिणीला तुमचा नंबर देतात. २०११ च्या जनगणनेतच ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती, घोडबंदर रोडला तर त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही बघताच आहात. तुमची ४० गिऱ्हाइकं तिथेच आहेत, ती शोधायला पूर्ण भारताला रील दाखवायची काहीच गरज नाही.

ते ८० हजारवालं रील मी तुम्ही पाठवलेल्या लिंकवरून बघितलं. सुंदर आहे, तलावपाळीला संध्याकाळच्या उजेडात पदर छान दिसतोय. पण त्यात कुठेही लिहिलेलं नाही की ही शिवलेली नऊवारी आहे, ठाण्यात शिवून मिळते, किती दिवसात मिळते, कितीपासून सुरू होते. बघणाऱ्याला वाटलं कोणीतरी हौशी मुलगी नटून चालतेय, बघितलं, आवडलं, पुढे गेले. तुमच्या इन्साइट्समध्ये, म्हणजे रील कोणी आणि कुठून बघितलं ते दाखवणाऱ्या पानावर, जाऊन शहरं बघा, ठाणे मुंबई वर आहेत की दुसरीच शहरं आहेत ते लगेच कळेल. ऑर्डर आली नाही म्हणून काम कमी पडलं असं अजिबात मनाला लावून घेऊ नका, रीलने बघणारे आणले, गिऱ्हाईक आणायचं काम त्याला सांगितलंच नव्हतं.

मग काय टाकायचं? तुमच्याकडे ट्रायलला येणाऱ्या बायका जे प्रश्न विचारतात ना, ते एका वहीत लिहायला लागा, तेवढंच तुमचं वर्षभराचं रीलचं सामान आहे. आईच्या जुन्या सहावारीची नऊवारी होते का? होत असेल तर कितव्या मापापर्यंत होते आणि कापड कमी पडलं तर काय जोडता? पैठणी कापायची म्हणजे जिवावर येतं, न कापता काही करता येतं का? पोट सुटलंय, पेशवाई बरी दिसेल की ब्राह्मणी? फुगडी घालताना मागून काष्टा सुटत नाही ना? बाथरूमला जायचं झालं तर सगळं सोडावं लागतं का (हा प्रश्न तर प्रत्येक बाई हळूच विचारते आणि उत्तर मोठ्याने कोणी देत नाही, तुम्ही द्या, मोठ्याने द्या, बघा किती जणी ते रील मैत्रिणीला पाठवतात). स्कूटरवर बसता येतं का? बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी माप बदललं तर उसवून वाढवता येतं का, आत माया, म्हणजे जादा कापड, ठेवता का? एकेका प्रश्नाचं तीस चाळीस सेकंदाचं उत्तर, हातात खरी साडी, खरी शिवण दाखवत. पाठवणं हे मोसेरींच्या यादीत आहे ते मी वर सांगितलंच, आणि बायका काय पाठवतात तर जे दुसरीच्या उपयोगाचं आहे ते. मंगळागौरीला आठ जणींना एकाच काठाच्या नऊवाऱ्या हव्या असतील तर किती दिवस आधी सांगावं लागतं, असं रील ज्या ग्रुपवर पडेल तिथून एक नाही आठ ऑर्डरी येतात.

कॅमेऱ्यासमोर उभं राहवत नाही ना, नका राहू. तुमचे हात दाखवा. निऱ्या धरताना, काठाला काठ जुळवताना, पदराची प्लेट बसवताना हात दिसले आणि मागून तुमचा आवाज आला की पुरे आहे, चेहऱ्यापेक्षा हे जास्त पटतं कारण शिवणारी कोण आहे आणि तिला कळतं की नाही हे हातावरून दिसतं. मोबाइल टेबलाला टेकवून, खिडकीच्या बाजूला, सकाळच्या उजेडात, मशीनचा आवाज आला तर येऊ दे. ट्रेंडिंग गाण्यांचं म्हणाल तर बिझनेस अकाउंटला सगळी फिल्मी गाणी वापरायला मिळतच नाहीत, कंपन्यांच्या हक्कांचा प्रश्न असतो, आणि कुठूनतरी जोडून टाकलं तर आवाज म्यूट होऊ शकतो. तुमचा स्वतःचा आवाज कोणी म्यूट करणार नाही.

पेजच्या नावाचंही थोडं करा. सध्या नावाच्या जागी लेकीचं नाव आणि पुढे क्रिएशन्स एवढंच आहे, त्यावरून केक आहेत की कानातली हे कसं कळणार? नावाच्या जागेत जे लिहाल त्यावर सर्च लागतो, म्हणून तिथे सरळ शिवलेली नऊवारी, ठाणे असं लिहा, जमलं तर एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत. बायोला १५० अक्षरंच मिळतात, त्यात सुविचार नको, पाचपाखाडी, किती दिवसात शिवून मिळते, ट्रायल कधी, व्हॉट्सअ‍ॅप नंबर. बस.

आणि ते "प्राइस डीएममध्ये", म्हणजे भाव खासगी मेसेजवर विचारा असं लिहिणं, बंद करा बरं. मला माहितीये सगळेच तसं करतात, पण विचारायला संकोच वाटणारी बाई विचारतच नाही, निघून जाते, आणि ज्या दहा जणी विचारतात त्यातल्या आठ जणींना तुम्ही रात्री अकरा वाजता एकच उत्तर टाइप करत बसता. शिलाई कितीपासून, साडीसकट कितीपासून, अर्जंटला किती जास्त, हे उघड लिहा. ज्यांना परवडत नाही त्या विचारणार नाहीत, तुमचा वेळ वाचेल, आणि ज्या विचारतील त्या घेणाऱ्या असतील. कोणी कमेंटमध्ये महाग आहे म्हणालं तर भांडू नका, अस्तर, काठ जुळवणं, दोन ट्रायल, सगळं त्यात धरलेलं आहे एवढं शांतपणे सांगा, ते उत्तर बाकीच्या पन्नास जणी वाचत असतात.

आता माझा सगळ्यात जास्त जीव ज्या गोष्टीत आहे ती सांगते. गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर ठेवू नका, स्वतःच्या वहीत ठेवा. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी लोकांचे लाखो फॉलोअर्स होते, गावागावातले लोक होते, एका रात्रीत सगळं गेलं, आणि ज्यांच्याकडे आपल्या माणसांचे नंबर नव्हते त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं आणि आपण सगळे तिकडे गेलो, पण उद्या तेही बदलू शकतं, अकाउंट हॅक होऊ शकतं, काहीही होऊ शकतं. तुमच्याकडे मापाची वही असणारच, त्यातच प्रत्येकीचा नंबर, कुठली नऊवारी, कुठल्या कार्यक्रमासाठी, हे लिहा.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉग लावता येतो, प्रत्येक प्रकाराचा फोटो आणि भाव, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदा लिहून ठेवता येतात आणि गिऱ्हाइकांना लेबलं लावता येतात, जसं मंगळागौर, लग्न, लहान मुली. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात पण एक लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून ट्रायलच्या वेळी बाई आरशासमोर खूश होऊन उभी असते ना, तेव्हाच सांगायचं, माझा नंबर सेव्ह करा आणि सणाच्या आधी मेसेज टाकला तर चालेल का ते सांगा. ती हो म्हणाली तरच यादीत घ्यायचं. आणि रोज गुड मॉर्निंग पाठवायचं नाही, वर्षातून सहासात वेळा, कामाचंच. बाकी रोजचं काय ते स्टेटसला.

गूगलचं बिझनेस प्रोफाइलही लगेच करून टाका, तेही फुकट आहे. नऊवारी शिवून देणारे ठाणे असं शोधणारी बाई साडी हातात घेऊन बसलेली असते, तिला रील बघायचं नसतं, तिला आज फोन करायचा असतो. घरून काम करता म्हणून पत्ता उघड करायचा नसेल तर लपवता येतो आणि कुठल्या भागात सेवा देता एवढंच दाखवता येतं. रिव्ह्यू मागा, पण खऱ्या गिऱ्हाइकांकडेच, डिस्काउंट देऊन नको आणि विकत तर अजिबातच नको, ते नियमात बसत नाही.

वेळ कशी साधायची हे तर तुम्हाला ठाण्यात राहून वेगळं सांगायला नको. कौपिनेश्वर न्यासाच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर निघणाऱ्या बायका, ढोलपथकातल्या मुली, लेझीमवाल्या, ह्या सगळ्यांचं शिवायचं काम पाडव्याच्या महिनाभर आधी ठरतं, त्यामुळे पाडव्याच्या आठवड्यात रील टाकून उपयोग नाही, तेव्हा तुम्ही मशीनवरून उठूही शकणार नाही. पाडव्याचं माघात टाका, मंगळागौरीचं आषाढात, गौरींचं श्रावणात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आणि लग्नाचं दिवाळी झाल्या झाल्या. आणि ऑर्डरी भरल्या की भरल्या असं पेजवर स्पष्ट लिहा, पुढची तारीख द्या. आठवड्याला दोन रील्स आणि रोज एखादी स्टोरी एवढं झेपत असेल तर तेवढंच, पण ते वर्षभर. महिनाभर रोज टाकून मग तीन महिने गायब, असं होऊ देऊ नका.

पैसे घालायचेच असतील तर इन्स्टाग्रामवरच रीलची जाहिरात करा, त्यासाठी त्या ४ हजारातले हजार बाजूला काढा. जे रील टाकल्यावर खरोखर विचारणा आली तेच निवडा, नकाशावर पाचपाखाडीला पिन लावून आठदहा किलोमीटरचं वर्तुळ घ्या, बायका, वय साधारण २५ ते ५५, आणि हेतू विचारतील तिथे मेसेज हा पर्याय निवडा, प्रोफाइल व्हिजिट नाही. दिवसाला २०० रुपये, पाच दिवस. त्यातून किती मेसेज आले आणि किती ट्रायलला आल्या ते वहीत लिहा, एक ऑर्डर जरी निघाली तरी हिशेब कळतो, नाही निघाली तर पुढच्या वेळी दुसरं रील. एकदम ५ हजार घालून बघू असं करू नका.

त्या इन्फ्लुएन्सर मुलीला नाही म्हणायला घाबरू नका. तिला आधी तिच्या फॉलोअर्सची शहरं दाखवायला सांगा, इन्साइट्सचा स्क्रीनशॉट मागा, ठाणे मुंबई नसेल तर विषय संपला. असेल तर फुकट देण्याऐवजी एक नऊवारी एका दिवसासाठी नेसायला द्या आणि परत घ्या. आणि फुकट वस्तू किंवा पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, जाहिरात मानक परिषदेचे (एएससीआय) नियम २०२१ पासून आहेत आणि ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२३ च्या जानेवारीत सांगितलंय, तेव्हा ती लिहायला तयार नसेल तर तुम्हीच माघार घ्या. मला विचाराल तर त्या मुलीपेक्षा तुमच्या भागातला मंगळागौरीचे खेळ करणारा एखादा ग्रुप धरा. बारापंधरा जणी, श्रावणात ठिकठिकाणी कार्यक्रम, समोर दरवेळी हॉलभर बायका आणि प्रत्येकीचा तोच प्रश्न, शिवल्या कुठे. त्यांना शिलाईत थोडी सूट द्या, खेळताना व्हिडिओ घ्यायची परवानगी मागा, फुगडी घालतानाचा, झिम्मा खेळतानाचा. काष्टा सुटत नाही हे याहून चांगलं कसं दाखवणार? फक्त कोणाचाही फोटो, आणि लहान मुलींचा तर अजिबातच, आईला विचारल्याशिवाय टाकायचा नाही, मेसेजवर हो घेऊन ठेवायचं.

राहता राहिला पुतण्या. मनापासून सांगतोय तो, त्याच्यावर रागावू नका, पण मराठी सोडू नका. ज्या बाईला मंगळागौरीला नऊवारी हवीय तिच्याशी मराठीतच बोलायचं, तुम्ही घरात बोलता तसंच. त्याचं एक म्हणणं मात्र घ्या. घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये खूप अमराठी आया आहेत, त्यांच्या मुलींना शाळेच्या गॅदरिंगला, शिवजयंतीला, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला नऊवारी लागते आणि आदल्या आठवड्यात त्यांची धावपळ होते, कारण कुठे मिळते हेच माहीत नसतं. त्यांच्यासाठी डिसेंबरच्या सुरुवातीला एक रील करा ज्यात तुम्ही मराठीतच बोलाल आणि खाली हिंदी इंग्रजीत ओळी येतील, त्या ओळी लिहायचं काम पुतण्याला द्या. वयाप्रमाणे तयार मापं, भाव, आणि उंची कुठून कुठपर्यंत मोजून पाठवायची तेवढं दाखवा, घरच्या टेपने, एखाद्या मुलीला उभं करून.